जोत्यात काय भरावं, बागेत काय पसरावं

प्रश्न: बार्शीजवळ आमचा ४० बाय ६० फुटांचा प्लॉट आहे. जमीन काळी, रस्त्यापेक्षा दोन फूट खाली. त्यावर ३० बाय ३६ फुटांचं एकमजली घर बांधायचं ठरलंय. जोतं रस्त्याच्या वर दोन फूट असेल आणि मागे पंधरा फुटांत बाग हवी आहे. भरावासाठी चार जणांनी चार गोष्टी सुचवल्या: शेतातली काळी माती, जी फुकट आहे, फक्त वाहतूक आपली, तलावातला गाळ, तोही जवळजवळ फुकट, गावातल्या पडक्या वाड्यांचा राडारोडा, आणि मुरूम, जो सगळ्यांत महाग. ठेकेदार म्हणतात, "२४०० गुणिले दोन, म्हणजे ४८ ब्रास. एकच माल सगळीकडे टाकू, वरून टँकरने पाणी सोडू, एक पावसाळा गेला की आपोआप बसतो." काय घ्यावं, किती घ्यावं, फरशी लगेच टाकता येईल का? मागे एक नारळही लावायचा आहे.
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर: नमस्कार बाई,

ठेकेदारांच्या बोलण्यात सगळ्यांत महाग पडणारे शब्द आहेत 'एकच माल'. फरशीखालच्या भरावाने पाणी लागलं तरी जागचं हलायचं नसतं. बागेच्या मातीने मात्र पाणी धरायचं असतं, भुसभुशीत राहायचं असतं. ज्या मातीत गुलाब जोमाने येतो ती जोत्यात गेली की फरशी वर-खाली होते, आणि ज्या मुरमावर फरशी वर्षानुवर्षं हलत नाही त्यात मेथीसुद्धा धड उगवत नाही. तुमच्या प्लॉटवर दोन वेगळे माल लागणार आहेत. त्यातला एक तुमच्याच प्लॉटमध्ये आहे, त्याकडे शेवटी येऊ.

आधी काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. उन्हाळ्यात तुमच्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडत असतील, त्या याच कारणाने. आता तुमचं घर उभं राहणार कॉलमवर, कॉलम फुटिंगवर (म्हणजे कॉलमच्या तळाच्या रुंद काँक्रीटच्या पायावर) आणि फुटिंग खाली टणक थरावर. फरशी मात्र फुटिंगवर नसते, ती जोत्यातल्या भरावावर पडलेली असते. त्यामुळे घराला काही होत नाही आणि फरशी तेवढी खचते किंवा उचलली जाते. फरशीवर नाणं आपटलं की पोकळ आवाज, स्कर्टिंगखाली फट, मग बाथरूमचा उतार उलटा होऊन पाणी कोपऱ्यात साचणं, आणि शेवटी खालची ड्रेनेजची लाइन वाकून चोकअप. हे सगळं दुरुस्त करायचं तर फरशी, कोबा फोडून भराव उकरावा लागतो. फुकट मातीचा हिशेब तिथे कळतो.

जाता जाता एक खबरदारी: फुटिंगची खोली मूळ जमिनीपासून मोजा, भरावाच्या वरून नव्हे. भराव झाल्यावर 'पाच फूट खाली गेलोय' असं कोणी सांगितलं, तर त्यातले दोन-अडीच फूट कालचा भराव असू शकतो. फुटिंग भरावावर कधीच टेकता कामा नये.

आता चारही माल एकेक करून.

शेतातली काळी माती जोत्यात, पार्किंगखाली आणि पायवाटेखाली नको. भारतीय रस्ते-बांधकामाच्या विनिर्देशांमध्ये मुक्त फुगवण निर्देशांक (माती पाण्यात किती फुगते ते सांगणारा आकडा) ५० टक्क्यांहून जास्त असलेली माती भरावाला वर्ज्य आहे, आणि आपल्याकडची भारी काळी माती बहुतेक वेळा त्या रेषेच्या पलीकडेच असते.

तलावातला गाळ म्हणजे याच काळ्या मातीचा सर्वांत बारीक भाग, पाण्याने वाहून आणून बसवलेला. शेतासाठी उत्तम. सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनाही तो शेतात पसरण्यासाठीच आहे. फरशीखाली मात्र चौघांत हाच सगळ्यांत वाईट.

राडारोड्याचं तसं सरसकट सांगता येत नाही. काँक्रीटचे आणि पक्क्या विटांचे तुकडे, तीन इंचांपेक्षा लहान फोडलेले, पार्किंगच्या तळाच्या थरात चालतात. पण पडक्या वाड्याच्या ट्रॉलीत तेवढंच येत नाही. भिंतींची पांढरी माती पाण्यात विरघळते. लाकडाचे तुकडे, वासे, चटया कुजतात आणि तिथे पोकळी राहते. वाळवी लागलेलं लाकूड म्हणजे तर तिला घरी बोलावणंच. पीओपी आणि जिप्समच्या तुकड्यांतलं सल्फेट ओल्या जागी काँक्रीट खातं. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे तुकडे दिसले तर ती ट्रॉली गेटवरूनच परत पाठवा, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. आणि मोठे दगड-विटा वेड्यावाकड्या पडल्या की त्यांच्या मधल्या फटी वरून दिसत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात वरचा मुरूम त्या फटींत उतरतो आणि वर खड्डा पडतो. जोत्यात राडारोडा नकोच. पार्किंगसाठी घेणार असाल तर ट्रॉली रिकामी होताना समोर उभं राहून निवडून घ्या. तेवढा वेळ कोणाकडे नसेल तर तोही नको.

राहिला मुरूम. बेसॉल्टचा काळा पाषाण झिजून, कुजून तयार झालेला हा माल. खडा, रेव आणि थोडी माती असं मिश्रण असल्याने तो दाबला की गच्च बसतो. काळ्या जमिनीवर त्याचा आणखी एक उपयोग आहे, जो फारसा कोणी सांगत नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीच्या फुगण्यावर दीर्घकाळ संशोधन केलं. त्यांनी दाखवलं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण थोड्या चिकट मातीचा साधारण मीटरभर जाडीचा दाबलेला थर दिला की खालच्या मातीचं फुगणं पुष्कळ आटोक्यात येतं. कालव्यांच्या अस्तराखाली हा उपाय वापरतात. तुमच्या जोत्यात भराव तीन फुटांच्या वर जाणार आहे, म्हणजे योग्य मुरूम निवडला तर हे काम वेगळा खर्च न करता होतं. यासाठीच निव्वळ वाळू किंवा क्रशरची नुसती कच भरू नका. ती दाबायला सोपी असते खरी, पण तिच्यातून पाणी सरळ खाली झिरपतं आणि काळ्या मातीला पाजलं जातं.

पण 'मुरूम' म्हणून येणारा प्रत्येक डंपर मुरमाचा नसतो. खाणीच्या वरच्या थरातली माती, मधला मऊ मुरूम आणि खालचा कडक मुरूम, सगळं त्याच नावाने विकलं जातं. सौदा ठरवण्यापूर्वी खाणीवर जा आणि ज्या तोंडातून जेसीबी माल काढतोय तिथूनच दोन पिशव्या भरून आणा. ढिगाऱ्याच्या वरचा माल घेऊ नका. पावसाने धुतलेला असतो, बारीक माती निघून गेलेली असते, त्यामुळे तो असतो त्यापेक्षा चांगला दिसतो.

घरी पहिली परीक्षा बादलीची. मुठीएवढी चार-पाच ढेकळं पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी कडा शाबूत असतील, पाणी थोडं तांबूस झालं असेल, तर माल कडक. ढेकूळ पसरून चिखल झाला असेल तर तो मऊ मुरूम. पहिल्या पावसाळ्यात तुमच्या जोत्यातही तेच होईल. पिवळट किंवा हिरवट-राखाडी आणि ओला झाल्यावर बोटाला बुळबुळीत लागणारा मुरूम बहुधा या परीक्षेत नापास होतो.

दुसरी बरणीची. लोणच्याची सरळ भिंतीची काचेची बरणी घ्या. मोठे खडे काढलेला मुरूम तिच्यात एक तृतीयांश भरा, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाका, झाकण लावून पाच मिनिटं जोरात हलवा आणि सपाट जागी ठेवा. मिनिटभरात खाली बसते ती रेव-वाळू. तिथे बाहेरून पेनाने खूण करा. दोन तासांनी दुसरी खूण करा, तेवढ्यात बसलेला मधला थर पोयट्याचा. दुसऱ्या दिवशी पाणी निवळल्यावर सगळ्यांत वर जे बसलेलं असेल ती चिकणमाती. वरचे दोन्ही थर मिळून एकूण उंचीच्या चौथाईच्या आसपास असतील तर छान, तेवढी माती खड्यांना बांधून ठेवते. तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेले तर माल नाकारा. हे थर अगदीच नसतील तर तो दाबल्यावर सुटा राहील. त्यात थोडा मातीचा मुरूम मिसळावा लागेल.

तिसरी हाताची. बारीक माल ओला करून तळहातावर वळा. तीन मिलिमीटर जाडीची वळी करायला गेल्यावर ती तुटली तर बरं. शेवयांसारखी लांब वळत राहिली तर चिकणमाती जास्त आहे.

शंका उरलीच तर प्रयोगशाळेत मुक्त फुगवण चाचणी करून घ्या. जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात स्थापत्यची प्रयोगशाळा असते. पद्धत साधी आहे: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती, १०-१० ग्रॅम, दोन नळ्यांत, एकीत पाणी, दुसरीत केरोसीन. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी केरोसीनमधला थर १० मिलिलिटर आणि पाण्यातला १२ भरला तर फुगवण २० टक्के. जोत्यासाठी एवढ्यापर्यंतच थांबलेलं बरं. ५० ही तर सरळ बाद करण्याची रेषा आहे. चाचणीचा खर्च एका डंपरच्या पैशांपुढे किरकोळ असतो.

आता ४८ ब्रासचा हिशेब. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेवढं बरोबर आहे. चुकलंय ते बाकीचं. पहिली गोष्ट, वरची सहा इंच माती मुळं, गवत आणि कुजकटासकट काढावीच लागते, तिच्यावर भराव टाकला की ती खाली कुजून बसते. म्हणजे खोली दोन नव्हे, अडीच फूट. दुसरी, घराखाली भराव रस्त्याच्या पातळीवर थांबत नाही, जोत्याची उंचीही त्यातच आली. मूळ जमिनीपासून फरशीपर्यंत चार फूट आणि काढलेली अर्धा फूट मिळून साडेचार. त्यातून डबराचं सोलिंग (भरावावर रचलेल्या मोठ्या दगडांचा थर) ९ इंच, पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) ४ इंच, फरशी आणि तिचा बेड ३ इंच, असे सोळा इंच वजा केले की भरावाला ३८ इंच उरतात. भिंती सोडून आतलं क्षेत्र साधारण १००० चौरस फूट धरलं, तर दाबलेला मुरूम ३२ ब्रास लागतो. गाडीतून येतो तो सुटा, आणि दाबल्यावर कमी होतो. पंचवीस-तीस टक्के जास्त धरा, म्हणजे ४० ते ४१ ब्रास.

घराबाहेर पुढचं पार्किंग आणि बाजूचे बोळ मिळून ७२० चौरस फूट. तिथे पेव्हरची जाडी सोडून दोन फूट भराव, दाबून साडेचौदा ब्रास, सुटा १८. एकूण जवळजवळ ५९. फुटिंगच्या खड्ड्यांत कॉलमभोवती परत भरायचा मुरूम वेगळा. तो किती ते खड्डे खणल्यावरच कळेल. त्या खड्ड्यांत निघालेली काळी माती पुन्हा ढकलायची सवय सर्रास आहे, ती करू देऊ नका.

खड्डे खणताना आणखी एक पाहा. काळा थर दोन-तीन फुटांवरच संपून खाली मुरूम लागला, तर घराच्या क्षेत्रातली काळी माती पूर्ण काढून टाकणं सर्वांत उत्तम. मुरूम जास्त लागेल, पण फुगण्याचा प्रश्नच मिटेल. थर सहा-आठ फूट खोल असेल तर तो काढणं परवडत नाही. मग वर सांगितलेला दाबलेला थर हाच मार्ग, आणि फुटिंगचा प्रकार स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचा.

ट्रॉली किती ब्रासची हे चालकाला विचारू नका, टेप लावा. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २० इंच उंच भरलेली ट्रॉली म्हणजे बरोबर एक ब्रास. फळी १५ इंचांची असेल तर पाऊण. डंपरचंही तसंच: लांबी, रुंदी, भरलेली उंची फुटांत, भागिले १००. माप तुमच्या दारात घ्या, कारण वाटेत हादऱ्यांनी माल खाली बसलेला असतो. गाडीगणिक नोंद वहीत करा. माती आणि मुरूम हे गौण खनिज आहे. प्रत्येक खेपेसोबत स्वामित्वधन भरल्याचा वाहतूक पास असायला हवा, त्याची प्रत किंवा फोटो ठेवा. विनापरवाना उत्खनन आणि वाहतुकीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड आहे. गाडी पकडली गेली की काम अर्ध्यावर लटकतं. 'रात्री टाकतो, स्वस्तात' म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

माल कितीही चांगला असला तरी दबाई चुकली तर तो वाया जातो. टँकरने पाणी सोडून भराव 'बसवणं' ही पद्धत वाळूपुरती ठीक आहे. मुरमात माती असल्याने वरचं पाणी वरच अडतं, चिखल होतो आणि खालचा थर तसाच पोकळ राहतो. शिवाय तुमच्याकडे जोत्याच्या चार भिंतींत कोंडलेलं ते पाणी शेवटी खालच्या काळ्या मातीलाच जाणार. पावसाळ्याची वाट पाहून थोडं बसतं हे खरं, पण किती आणि कुठे ते सांगता येत नाही.

योग्य क्रम असा. माती काढल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीचा वरचा थर उकरा, भेगा बुजतील इतपत मोडा, हलकं पाणी शिंपडा आणि रोलरने किंवा धुम्मसने (हाताने ठोकायच्या जड ठोकळ्याने) दाबा. मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत. प्लेट कॉम्पॅक्टर असेल तर आठ इंच चालेल, हाताच्या धुम्मसला सहाच. जोत्याच्या भिंतीवर आतून सहा-सहा इंचांवर खडूने रेघा मारून ठेवा, म्हणजे थराची जाडी कोणालाही वाद न घालता दिसते. तीन इंचांवरचे दगड बाजूला काढा. प्रत्येक थराला ओल किती हवी, तर मूठभर मुरूम घट्ट दाबा: गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-चार तुकडे झाले तर बरोबर. गोळाच झाला नाही तर कोरडा, जमिनीवर पो पडल्यासारखा चिकटला तर जास्त ओला. जास्त ओला थर दाबू नका, दुपारभर वाळू द्या. कॉम्पॅक्टर एका जागेवरून चार-पाचदा फिरवा. कोपरे आणि कॉलमभोवतीची जागा मशिनला पोहोचत नाही. फरशी पहिल्यांदा तिथेच खचते, तेव्हा तिथे हातानेच ठोका.

ड्रेनेजचे पाइप याच टप्प्यावर येतात. पाइपभोवती चारी बाजूंनी चार इंच बारीक कच टाका, लाइनमध्ये पाणी भरून गळती पाहा आणि मगच वरचा थर टाका. पाइपवर फूटभर भराव होईपर्यंत मशिन नको.

दबाई झाली की नाही हे कसं ओळखायचं? साधा अंदाज म्हणजे १२ मिलिमीटरची सळई हाताच्या जोराने रोवून बघा. दोन इंचांच्या पुढे सहज गेली तर थर कच्चा. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेला वाळू-बदल पद्धतीने (थरात छोटा खड्डा करून तो मोजलेल्या वाळूने भरून) घनता मोजायला बोलवा, आणि प्रॉक्टरच्या कमाल घनतेच्या (त्याच मालाच्या, प्रयोगशाळेत दाबून काढलेल्या) ९५ टक्के असं कामाच्या करारात लिहून घ्या. कोअर कटर (नमुना काढायला थरात ठोकायची नळी) घेऊन आले तर मुरमातल्या खड्यांमुळे आकडा चुकतो, हे त्यांना सांगायला संकोच करू नका.

शेवटचा थर झाला की सोलिंगच्या आधी वाळवीचं औषध. आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणे भरावाच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला पाच लिटर तयार द्रावण लागतं. तुमच्या १००० चौरस फुटांना म्हणजे साधारण ४६५ लिटर. कोणी पाठीवरच्या पंपाने दोन फेऱ्यांत काम उरकत असेल तर ते औषध बिलापुरतंच आहे. पृष्ठभाग ओलाचिंब असताना किंवा पावसाच्या तोंडावर फवारू नका, आणि फवारल्यावर तो थर पुन्हा उकरू नका.

कंपाउंडकडे वळू, कारण इथे धोका मोठा आहे. भराव झाल्यावर तुमची जमीन शेजारच्या प्लॉटपेक्षा दोन फूट वर असेल. साधी नऊ इंची विटांची कंपाउंडची भिंत स्वतःचं वजन पेलायला बांधलेली असते, मातीचा आडवा रेटा पेलायला नाही. पावसात भिजलेला भराव तिला शेजाऱ्याच्या बाजूला कलंडवतो. दोन फुटांपर्यंत डबराच्या बांधकामाची, तळाशी किमान दीड फूट रुंदीची भिंत घ्या, नेमका आकार इंजिनिअरकडून काढून घ्या, आणि दर पाच-सहा फुटांवर तीन इंची पाइपचं छिद्र ठेवा, त्याच्या मागे खडी. छिद्रांतलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाणार असेल तर भिंतीच्या आतून खडीचा फूटभर पट्टा आणि त्यात छिद्रांचा पाइप टाकून ते गटाराकडे न्या. अर्थात, डंपर आत येण्यासाठी पुढची बाजू भराव संपेपर्यंत उघडी ठेवा.

घराभोवती तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला दर फुटाला पाव इंच उतार. काळ्या जमिनीत हा पट्टा शोभेचा नाही. जोत्यालगतची माती वर्षभर सारख्याच ओलीची राहावी म्हणून तो आहे.

आता बाग, आणि तुमच्याकडे आधीच असलेला माल. २४०० चौरस फुटांवरून सहा इंच माती काढली की बारा ब्रास सकस काळी माती हातात येते. ठेकेदार ती 'खराब माती' म्हणून उचलून नेतील आणि दुसऱ्या कोणाला विकतील. ती एका कोपऱ्यात ढीग करून राखा. मागच्या ६०० चौरस फुटांत खाली दीड फूट भराव लागेल, त्यात फुटिंगच्या खड्ड्यांतली माती आणि या ढिगातली उरलेली माती घाला. वरच्या एक फुटासाठी ढिगातली सहा-सात ब्रास. बागेसाठी मुरूम किंवा लाल माती विकत घेण्याची गरज बहुधा पडणारच नाही.

त्या जागेवर भोवती फक्की मारून ठेवा आणि कामभर तिथे डंपर, रोलर, सिमेंटचा माल काही जाऊ देऊ नका. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही आणि मुळंही शिरत नाहीत. पृष्ठभाग तीन-चार इंच उंच ठेवा, दोन पावसांत तो आपसूक बसेल. वरून चांगलं कुजलेलं शेणखत दोन इंच पसरा. ६०० चौरस फुटांना बरोबर एक ब्रास लागतं. ते वरच्या आठ-नऊ इंचांत मिसळा. सहा-सात ठिकाणांहून नमुने काढून, एकत्र करून अर्धा किलो माती जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त निघालं तर जमीन चोपण आहे, तिला जिप्सम लागेल, किती ते अहवालावरून. पांढरे चुनखडीचे खडे भरपूर दिसले तर जास्वंद, मोगरा पिवळे पडतील. ते कुंडीत लावा.

आणि तरीही बाहेरची माती घ्यावी लागलीच, तर ती कोणत्या शेतातली आहे ते स्वतः पाहून या. फावडंभर माती हातात फोडा. हरभऱ्याएवढ्या काळपट गाठी, एकमेकींना बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या, दिसल्या तर तो लव्हाळा आहे. एकदा बागेत आला की खुरपून तो वाढतोच, कारण प्रत्येक सुटलेल्या गाठीतून नवा कोंब येतो. हराळीच्या पांढऱ्या मुळ्या, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली हुमणीची अळी, हेही बघा. अशी माती फुकटही घेऊ नका.

नारळ मागच्या कोपऱ्यात, कंपाउंडपासून तीन फूट सोडून लावा, म्हणजे घरापासून बारा फूट अंतर मिळतं. त्याच्या मुळांची भीती नाही. रोजच्या पाण्याने जोत्यालगतची काळी माती फुगू नये आणि झावळ्या छतावर पडू नयेत, यासाठी हे अंतर. खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट. काढलेली माती, शेणखत आणि कच सारखी मिसळून भरा आणि रोपाभोवतीचा भाग अर्धा फूट उंच ठेवा, पावसाचं पाणी बुंध्याशी साचणार नाही.

फरशीचं विचारलंत. थर नीट दाबले असतील तर पावसाळा थांबायची गरज नाही. औषध फवारून झालं की सोलिंग, पीसीसी, आणि पीसीसीवर सात दिवस पाणी. फरशी नेहमीप्रमाणे प्लॅस्टर झाल्यावर. थांबायचंच असेल तर उघड्या भरावावर मात्र थांबू नका. काम मेच्या शेवटी रेंगाळलं तर जूनआधी निदान पीसीसी पडलंच पाहिजे; नाहीतर जोत्याच्या भिंतींत पावसाचं पाणी तुंबेल, आणि महिनाभर घेऊन केलेली दबाई पुन्हा पहिल्या थरापासून तपासावी लागेल.